पकडून देणाऱ्यास २०० पौंड : बंडखोर पीटर लॉलर विधानसभेचा अध्यक्ष कसा झाला

१८५४ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने एका फरारी माणसाचं पत्रक काढलं. उंची पाच फूट अकरा इंच, वय ३५, केस गडद तपकिरी, कल्ले आहेत पण मिशी नाही, चेहरा लांबट, अंगाने धडधाकट. आणि मध्येच सरकारी कागदाला न शोभणारा एक शेरा : दिसायला बरा आहे. पकडून देणाऱ्यास २०० पौंड. यातलं वय चुकलं होतं, तो जेमतेम २७ वर्षांचा होता. आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. आणि सगळ्यात मोठी खूण तर पत्रकात नव्हतीच. त्याचा डावा हात नुकताच खांद्याजवळून कापून टाकलेला होता.

याच माणसाला १८८० साली त्याच वसाहतीच्या विधानसभेने अध्यक्ष म्हणून निवडलं. एक बाही रिकामी आणि अंगावर अध्यक्षाचा झगा. पीटर लॉलरबद्दल सांगताना बहुतेक जण दोनपैकी एक बाजू धरतात. कुणी म्हणतं तो ऑस्ट्रेलियन लोकशाहीचा जनक, कुणी म्हणतं खुर्ची मिळाल्यावर गडी बदलला. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते तो फारसा बदललाच नाही. लोकांनी त्याला जे समजून डोक्यावर घेतलं, ते तो मुळातच नव्हता. हे कळायला एका विचित्र कराची भानगड समजून घ्यावी लागते. पण त्याच्याही आधी आयर्लंडमधल्या मेंढ्यांची गोष्ट.

बापाच्या मेंढ्या

पीटरचा जन्म ५ फेब्रुवारी १८२७ चा, आयर्लंडच्या क्वीन्स काउंटीतला. आज त्या जिल्ह्याला लीश म्हणतात. घर खाऊनपिऊन सुखी, मोठी जमीन कसणारं, कॅथलिक. त्या काळी आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक असले, तरी सरकारमान्य चर्च प्रोटेस्टंट होतं आणि त्याच्या खर्चासाठी दशांश कर सगळ्यांनाच भरावा लागे. आपल्या सरदेशमुखीइतकाच आकडा, दहावा हिस्सा. फरक एवढाच की ज्या चर्चची पायरी कधी चढायची नाही, त्याच्या पाद्र्याचं पोट भरायचं.

पीटरचे वडील पॅट्रिक लॉलर यांनी १८३१ च्या सुमारास हा कर भरायला नकार दिला. दगडफेक नाही, गोळीबार नाही, नुसतं 'देणार नाही' म्हणाले. सरकारने त्यांच्या मेंढ्या जप्त केल्या. दशांशाच्या जप्तीची खूण त्यांच्या अंगावर उमटलेली होती. लिलाव पुकारला, पण बोली लावायला कोणी पुढे येईना. मेंढ्या हाकत डब्लिनला नेल्या, तिथेही गिऱ्हाईक नाही. १८३२ साली लोकांनी पॅट्रिकना लंडनच्या पार्लमेंटात निवडून पाठवलं. पीटर तेव्हा पाच वर्षांचा होता.

थोरला भाऊ जेम्स फिंटन याने पुढची पायरी गाठली. जमीन कसणाऱ्यांचीच असली पाहिजे, असं तो जहाल भाषेत लिहू लागला. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. जेम्स १८४९ मध्ये वारला. पीटर या गदारोळात कुठे दिसत नाही. तो शिकून सिव्हिल इंजिनीअर झाला, आणि १८५२ मध्ये भाऊ रिचर्डबरोबर बोटीत बसून मेलबर्नला आला. सुरुवातीला मेलबर्न-जीलाँग रेल्वेच्या कामावर राहिला. मग तेव्हा सगळे जे करत होते, तेच त्याने केलं. फावडं घेऊन सोन्यामागे गेला.

सोनं लागो न लागो, कर भरा

व्हिक्टोरियात १८५१ साली सोनं सापडलं. दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या ७७ हजारांवरून ५ लाख ४० हजारांवर गेली. नोकर मालकाला सोडून गेले, खलाशी जहाजं बंदरात टाकून पळाले. ही जमीन ज्यांची होती त्या वॉथारुंग लोकांना कोणी विचारलं नाही, ते वेगळं सांगायला नकोच. लॉलरची पुढची सगळी गोष्ट जिथे घडली त्या बॅलरॅट या खाणगावाचं नावही त्यांच्याच भाषेतलं आहे, विसाव्याची जागा अशा अर्थाचं.

सरकारने तोडगा काढला तो परवान्याचा. प्रत्येक खणणाऱ्याने सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड, भरायचे. तेव्हाच्या सोन्याच्या ठरीव भावाने हिशेब केला, तर हे साधारण एक तोळा सोनं होतं. दर महिन्याला एक तोळा, आणि तोही सोनं सापडायच्या आधी! आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईकडून जागेची पावती फाडतात ना, तिची टोपली विकली गेली की नाही हे न बघता? तसंच. फक्त ही पावती टोपलीच्या किमतीएवढी.

बॅलरॅटला हे जास्त झोंबलं, त्याला कारण जमिनीखालचं होतं. इतर ठिकाणी सोनं ओढ्याकाठच्या रेतीत वरवर मिळे. चाळलं, धुतलं, झालं. बॅलरॅटचं सोनं पुरातन नद्यांच्या पात्रांत होतं, आणि ती पात्रं चिकणमाती आणि खडकाखाली गाडली गेली होती. तिथवर जायला विहिरीसारखा शंभर-सव्वाशे फूट खोल खड्डा घ्यावा लागे. बाजू ढासळू नयेत म्हणून लाकडाच्या जाड फळ्या लावायच्या, वर रहाट बसवायचा, बादलीबादलीने माती आणि पाणी उपसायचं. यात सहासहा महिने जात. खाली पोचल्यावर कळायचं की जुनं पात्र दहा हात पलीकडून गेलं आहे. या सहा महिन्यांत हाती दमडी नाही, परवान्याचे पैसे मात्र चुकत नाहीत.

तपासणी कशी चाले ते ऐका. पोलीस अचानक तंबूंमध्ये घुसत. परवाना अंगावर पाहिजेच. तंबूत राहिला, चिखलाने भिजून फाटला, चालायचं नाही. नसला तर दंड, आणि कोठडीत जागा नसली तर माणसाला झाडाच्या ओंडक्याला साखळीने बांधून ठेवत. पोलीस दिसले की या टोकापासून त्या टोकापर्यंत हाळी उठायची, 'जो! जो!' आधीचे गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब, त्यांच्या नावातला हा 'जो'. आपल्याकडे 'जो जो' म्हटलं की बाळ झोपतं, तिथे शंभर फूट खोल उतरलेला माणूसही खडबडून जागा व्हायचा.

१८५४ च्या मध्याला सर चार्ल्स हॉथम हे नवे गव्हर्नर आले. मूळचे आरमारातले. तिजोरीत खडखडाट होता, म्हणून त्यांनी सप्टेंबरात हुकूम काढला की परवान्यांची झडती आठवड्यातून दोनदा घ्या.

आणि हा कर लावणाऱ्या कायदेमंडळात खाणकामगारांचा एकही प्रतिनिधी नव्हता. एक तृतीयांश सभासद सरकारनियुक्त, उरलेले निवडून दिलेले. पण मत मालमत्ता असणाऱ्याला. खाणकामगाराजवळ होता एक तंबू आणि बारा बाय बारा फुटांचा खड्डा, तोही महिन्याच्या भाड्यावर. पॅट्रिक लॉलरच्या मेंढ्या आठवतात का? फार काही वेगळं नाही.

बुंध्यावर चढलेला इंजिनीअर

ऑक्टोबरात युरेका हॉटेलाबाहेर जेम्स स्कोबी नावाचा स्कॉटिश खाणकामगार मारला गेला. संशय हॉटेलमालक बेंटलीवर. मॅजिस्ट्रेटशी त्याचे लागेबांधे आहेत हे गावभर माहीत होतं, आणि तो सुटला. १७ ऑक्टोबरला हजारोंची सभा भरली, आणि सभेनंतर जमावाने हॉटेल जाळलं. पुढे बेंटलीला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, पण तोवर वेळ निघून गेली होती. ११ नोव्हेंबरला बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. तिच्यामागे चार्टिस्ट चळवळीत, म्हणजे कामगारांना मत मिळावं म्हणून ब्रिटनमध्ये झालेल्या चळवळीत, तयार झालेली माणसं होती, वेल्सचा जॉन हम्फ्रे त्यांत पुढे. त्यांच्या मागण्या स्पष्ट राजकीय होत्या : प्रत्येक पुरुषाला मत, सभासद होण्यासाठी मालमत्तेची अट नको, सभासदांना पगार द्या.

लॉलर इथवर मागच्या रांगेत होता. सभांना जायचा, पण पुढारी नव्हता. २९ नोव्हेंबरला बेकरी हिलवर सभा झाली, निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि पाच तारे असा झेंडा फडकला, लोकांनी परवान्यांची होळी केली. दुसऱ्या दिवशी सरकारने मुद्दाम पुन्हा झडती घेतली. त्या दुपारी परत सभा जमली, तर नेहमीचे पुढारी गायब. लॉलरने नंतर लिहिलं आहे की त्याने आजूबाजूला पाहिलं, हजारो मैलांवरून कष्ट करायला आलेली माणसं दिसली, त्या दिवसाचा अपमान डोळ्यांसमोर आला, आणि तो झाडाच्या बुंध्यावर चढला. मग सगळ्यांनी झेंड्यापुढे गुडघे टेकून शपथ घेतली. सदर्न क्रॉसची, म्हणजे झेंड्यावरच्या त्या तारकासमूहाची आण, एकमेकांना साथ देऊ आणि आपले हक्क व स्वातंत्र्य राखायला लढू.

हीच ती जागा, जिथे पुढच्या सगळ्या गैरसमजाचं मूळ आहे. लीगच्या कार्यक्रमावर लॉलरची सही म्हणावी असं काही नव्हतं. तो उभा राहिला तो संतापून. संतापाचा मजकूर घरचाच होता : मला न विचारता माझ्याकडून घेऊ नका, आणि माझ्या अंगावर धावून येऊ नका.

खड्ड्यांना लावायच्या फळ्या आणि उलटवलेल्या गाड्या रचून त्यांनी सुमारे एक एकराचं कुंपण केलं. त्याला गढी म्हणणं धाडसाचं ठरेल. परवलीचा शब्द ठरला 'व्हिनेगर हिल'. १७९८ मध्ये आयरिश बंडखोर जिथे इंग्रजांकडून चिरडले गेले, ती टेकडी. हरलेल्या लढाईचं नाव परवलीला ठेवणं मला तरी अपशकुनी वाटतं. पण त्याहून वाईट झालं ते असं की हा आपला नव्हे, आयरिश लोकांचा मामला आहे असं वाटून काही इंग्रज, स्कॉट मंडळी काढता पाय घेऊ लागली. शनिवारी रात्री बरेच जण आपापल्या तंबूंत झोपायला गेले. रविवारी सरकार हल्ला करणार नाही असाच सगळ्यांचा हिशेब होता.

३ डिसेंबर १८५४, रविवार, उजाडायच्या आत पावणेतीनशे सैनिक आणि पोलीस चालून आले. कुंपणात तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं असावीत. जाता जाता एक गोष्ट : या हल्ल्यातली ब्रिटिशांची ४० वी पलटण अकराच वर्षांपूर्वी, २९ डिसेंबर १८४३ ला, ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेशी लढली होती. तोफांसमोर चाललेल्या पलटणीपुढे खाणकामगारांच्या फळ्यांचा काय पाड लागणार? पंधरावीस मिनिटांत सगळं आटोपलं. खाणकामगार निदान २२ मेले, सरकारी बाजूचेही पाच-सहा.

लॉलरच्या डाव्या खांद्यात गोळ्या घुसल्या. सोबत्यांनी त्याला फळ्यांच्या ढिगाखाली लपवलं. सैनिक आजूबाजूला फिरत होते, रक्त फळ्यांखालून वाहत होतं आणि हा निपचित पडून. नंतर त्याला फादर स्माइथ या कॅथलिक पाद्र्याच्या घरी नेलं आणि तिथे हात कापला. मग लपतछपत तो जीलाँगला पोचला. तिथे अ‍ॅलिशिया डन नावाची शिक्षिका राहायची, त्याची वाग्दत्त वधू. पत्रक गावोगाव लागलं होतं, २०० पौंड ही काही लहान रक्कम नव्हती, तरी एकानेही त्याला धरून दिलं नाही. १८५५ च्या जुलैत दोघांनी जीलाँगलाच लग्न केलं.

खटला फसतो, कर बदलतो

सरकारने १३ जणांवर राजद्रोहाचे खटले भरले. शिक्षा फाशीची. पहिला उभा केला जॉन जोसेफ, एक कृष्णवर्णीय अमेरिकन. ज्यूरीने त्याला सोडलं आणि लोकांनी खुर्चीत बसवून मेलबर्नच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक काढली. मार्चअखेर तेराच्या तेरा सुटले. कुंपणातले साथीदारच निर्दोष ठरले, तर म्होरक्याला कोणत्या तोंडाने पकडणार? बक्षीस मागे घेतलं गेलं.

चौकशी आयोगाने परवाना रद्द करायची शिफारस केली. त्या जागी आला वर्षाला एक पौंडाचा दाखला, मायनर्स राइट. सुरुवातीच्या दराने वर्षाला १८ पौंड होत, १८५३ मध्ये दर कमी केल्यावर वर्षाचा परवाना ८ पौंडांना होता, तो एकावर आला. शिवाय हा दाखला असलेल्याला मत देता येणार. सरकारचं बुडालेलं उत्पन्न भरून काढायला निर्यात होणाऱ्या सोन्यावर औंसामागे अडीच शिलिंग जकात बसवली. आता ज्याला सोनं लागेल त्याच्याच सोन्यावर कर, रिकामा खड्डा खणणाऱ्याला त्रास नाही. सगळ्या भानगडीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला ही वाटते, आणि ती आधी सुचली असती तर ते २२ जण जगले असते.

खाणभागांना कायदेमंडळात जागाही मिळाल्या. नोव्हेंबर १८५५ मध्ये बॅलरॅटमधून हम्फ्रे आणि लॉलर बिनविरोध निवडून आले.

'मी लोकशाहीवादी नाही'

आणि वर्ष-दीड वर्षात मतदारांनी कपाळाला हात लावला. १८५६ मध्ये निवडणूक कायद्याची चर्चा निघाली तेव्हा लॉलरने मालमत्तेवर आधारलेल्या बहुमताधिकाराला पाठिंबा दिला. म्हणजे असं, की एखाद्याची पाच मतदारसंघांत जमीन असेल तर त्याने पाचही ठिकाणी मत द्यावं. शिवाय मतदाराला सहा महिने एका जागी राहिल्याची अट. खाणकामगार तर आज या गावात, उद्या त्या. ज्यांनी त्याच्या शब्दावर प्राण पणाला लावले, त्यांचंच मत अडचणीत.

टीका झाल्यावर त्याने दिलेलं उत्तर ऑस्ट्रेलियात आजही उद्धृत होतं. लोकशाही म्हणजे तुम्हाला चार्टिझम, कम्युनिझम किंवा प्रजासत्ताक म्हणायचं असेल, तर मी लोकशाहीवादी कधी नव्हतो, आज नाही आणि पुढेही होणार नाही. पण जुलमी वृत्तपत्रं, जुलमी जनता किंवा जुलमी सरकार यांना विरोध म्हणजे लोकशाही असेल, तर मी होतो, आहे आणि राहीन.

यातला 'जुलमी जनता' हा शब्द बघा. पकडून नेणारा पोलीस असो की बहुमताने ठराव करणारी सभा, माझ्या हक्काच्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा त्याचा हिशेब. जमीनदार शेतकऱ्याच्या घरातून आलेला, स्वतःची जमीन घेण्याचं स्वप्न बघणारा माणूस असाच बोलेल. बॅलरॅटच्या खाणकामगाराला परवाना नको होता आणि मत हवं होतं. लॉलरला परवाना नको होता आणि सातबारा हवा होता, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. १८५४ मध्ये दोघांचा शत्रू एक होता म्हणून फरक दिसला नाही.

लॉलरच्या विरोधाने काही थांबलं नाही. गुप्त मतदान व्हिक्टोरियाने १८५६ मध्येच सुरू केलं होतं, आणि १८५७ मध्ये विधानसभेसाठी सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. मालमत्तेमुळे मिळणारी जादा मतं मात्र १८९९ पर्यंत टिकली. पुढच्या निवडणुकीत, १८५९ साली, लॉलरने मतदारसंघ बदलून साउथ ग्रँट धरला आणि तिथून तो बरीच वर्षं निवडून येत राहिला. विधानसभेच्या समित्यांचं अध्यक्षपद त्याने अनेक वर्षं सांभाळलं. कामकाजाचे नियम त्याला तोंडपाठ झाले ते तिथे.

एक प्रसंग मात्र असा आहे, ज्यापुढे त्याची बाजू घेणाऱ्यालाही गप्प बसावं लागतं. डिसेंबर १८७३, बॅलरॅटच्या उत्तरेला क्लून्स नावाचं खाणगाव. लोथेअर खाणीत संप चालू होता. शनिवारी दुपारनंतर काम नको, ही कामगारांची मागणी. कंपनीने संप मोडण्यासाठी कमी मजुरीवर चिनी मजूर आणायचं ठरवलं, आणि कंपनीच्या संचालकांत एक नाव होतं पीटर लॉलर. पोलीस बंदोबस्तात घोडागाड्या निघाल्या. क्लून्सच्या बाया-माणसांनी रस्ता अडवून अडसर उभा केला, दगडांचा मारा केला आणि गाड्या परत पाठवल्या. संपवाल्यांच्या रागात वंशद्वेष पुरेपूर होता, तेव्हा त्यांनाही डोक्यावर घ्यायचं कारण नाही. तरी अडसर, पोलीस, डिसेंबरचा महिना आणि पलीकडच्या बाजूला लॉलर! एकोणीस वर्षांपूर्वीच्या सोबत्यांना काय वाटलं असेल?

याच माणसाने १८७५ मध्ये आणि पुन्हा १८७७ पासून ग्रॅहॅम बेरीच्या मंत्रिमंडळात व्यापार आणि जकात खातं सांभाळलं. बेरीचं सरकार तेव्हाच्या मानाने जहाल होतं. बड्या जमीनदारांवर त्यांनी जमीन कर बसवला आणि विधान परिषदेशी उभा दावा मांडला. म्हणून लॉलरला पुराणमतवादी म्हणून निकालात काढणंही जमत नाही. अफाट कुरणं दाबून बसलेले मेंढीवाले आणि आपल्या घामाने घेतलेली शेती, यांत तो शेतीच्या बाजूचा.

१८८० मध्ये तो अध्यक्ष झाला आणि १८८७ पर्यंत राहिला. त्याच १८८० साली आयर्लंडला परत गेलेला भाऊ रिचर्ड क्वीन्स काउंटीतून लंडनच्या पार्लमेंटवर निवडून आला, बापाच्या जागेवर. एक भाऊ साम्राज्याच्या एका टोकाला सभागृहाला शिस्त लावतोय आणि दुसरा राजधानीत आयरिश पक्षाबरोबर बसलाय.

पीटरची प्रकृती ढासळली होती आणि १८८७ मध्ये अ‍ॅलिशियाही गेली. त्याच वर्षी त्याने अध्यक्षपद सोडलं. विधिमंडळाने त्याला ४,००० पौंड मंजूर केले. ९ फेब्रुवारी १८८९ ला तो मेलबर्नमध्ये डॉक्टर मुलाच्या घरी वारला. बॅलरॅटच्या स्टर्ट स्ट्रीटवर त्याचा पुतळा आहे. हातात बंदूक नाही, अंगावर अध्यक्षाचा पोशाख आहे.

मेलबर्नच्या उत्तरेला त्याच्या नावाचं एक उपनगर आहे. तिथले लोक ते नाव बहुतेक वेळा 'लेलर' असं उच्चारतात. देवनागरीत लिहिताना मला निवड करावी लागली आणि मी 'लॉलर' घेतलं, कारण घराण्याचा उच्चार तोच. १८५४ च्या त्या सरकारी पत्रकात स्पेलिंग चुकलं होतं खरं, पण चुकताना कारकुनाने 'लॉलर' असंच वाचता येईल असं लिहून ठेवलं होतं.